दार नेताना पडलेली टाळी

शरयू मॅडम,

तुम्हाला 'ताई' म्हणणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. नाट्यविभागात सगळे म्हणायचे. पहिल्या वर्षाला आलेली मुलंसुद्धा आठवड्याभरात 'शरयूताई, शरयूताई' करत तुमच्या मागे फिरायची. मला तुम्ही टोकायचात. "दिनेश, तू मॅडम म्हटलंस की मी शाळा तपासायला आल्यासारखं वाटतं." मी हो म्हणायचो आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा मॅडम. आमच्या घरात शिकलेल्या बाईला काय हाक मारायची हे ठरलेलंच नव्हतं, कारण तुमच्याआधी अशी बाई आमच्या खोलीत जेवायला बसलेली नव्हती. विभागाच्या स्मृतिअंकासाठी लिहायला बसलो तेव्हा वाटलं, निदान आता तरी ताई लिहावं. लिहून पाहिलं आणि खोडलं. इतक्या उशिरा केलेली सलगी खोटी वाटते.

बाकीचे तुमच्याबद्दल खूप लिहितील. तुमची नाटकं, तुमची शिस्त, तुमचा राग. मला एकच गोष्ट लिहायची आहे. तुमच्या शोकसभेत माझे वडील बोलायला उठले होते आणि मी त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं. ते जे बोलणार होते ते तुमच्याविषयी होतं, ते फक्त त्यांनाच माहीत होतं, आणि माझ्यामुळे ते राहून गेलं.

तुमच्या प्रॅक्टिकलची रीत मी तुम्हालाच काय सांगणार, पण हा अंक नवी मुलंही वाचतील. शेवटच्या वर्षाच्या मुलांना तुम्ही अशा गावी न्यायचात जिथे नाट्यगृह नाही. जी जागा मिळेल तिथे प्रयोग उभा करायचा. जागा बघण्यापासून ते खेळ संपल्यावर झाडू मारण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हातांनी. कामं तुम्ही वाटायचात आणि ज्याला जे नको ते त्यालाच मिळायचं. लाजाळू मुलगी तिकिटं विकायला दारोदार जायची. बडबड्या मुलाला प्रकाशयोजनेच्या टेबलामागे गप्प बसावं लागायचं. आणि तुम्ही स्वतः विंगेत कधी थांबायचा नाहीत. "तिसरी घंटा झाली की मी प्रेक्षक. माझ्याकडे बघायचं नाही. मी तुमच्या काही उपयोगाची नाही," असं सांगून तुम्ही लोकांमध्ये जाऊन बसायचात.

मला अभिनय हवा होता. सिल्वासाच्या मराठी शाळेत मी दर स्नेहसंमेलनात स्टेजवर असायचो. विद्यापीठात नाटक शिकवतात आणि त्याची पदवी मिळते, हे कळल्यावर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कंपनीत पेढे वाटले होते. ते धाग्याच्या कंपनीत मशिनवर होते. शहाद्याकडचं गाव सोडून इकडे आले तेव्हापासून त्यांचं आयुष्य पाळी आणि बॉबिन यांतच गेलं. पोरगा शिकून हाताला तेल न लागणारं काम करेल एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि तुम्ही कामं वाटताना माझ्याकडे बघून म्हणालात, "दिनेश, दार."

मी विचारलं, "दार म्हणजे कोणतं पात्र?"

सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. "पात्र नव्हे. दार. तू बनवायचं आणि तूच न्यायचं."

नाटक आम्ही मुलांनीच रचलं होतं. बदलीच्या नोकरीत एक कुटुंब घरं बदलत राहतं. घर बदललं की तेच दार रंगमंचावर वेगळ्या जागी उभं करायचं. प्रत्येक प्रवेशानंतर उजेड मंद व्हायचा आणि काळा सदरा, काळी पँट घातलेला एक जण ते दार उचलून दुसरीकडे ठेवायचा. काळे कपडे घातलेला माणूस प्रेक्षकांनी बघायचा नसतो, तो तिथे नाहीच असं धरून चालायचं असतं. तुम्ही पहिल्याच वर्गात शिकवलं होतं ते.

विभागाच्या मागच्या अंगणात मी ते दार बनवत होतो. चौकट, प्लायवूड, बिजागऱ्या. तुम्ही येऊन उभ्या राहायचात. बिजागरी उलटी बसली की काही न बोलता स्क्रू काढून माझ्या हातात द्यायचात. एका दुपारी मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "मॅडम, तुमच्या घरात कोणी ओझी उचलली नाहीत, म्हणून तुम्हाला हे शिक्षण वाटतं. आमच्या घरात हे रोजचं आहे. हे शिकायला मी एवढ्या लांब आलो नाही."

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही हातातला स्क्रू चौकटीवर ठेवलात. मग म्हणालात, "तुझ्या घरच्या कष्टांची सवलत तुला माझ्याकडे मिळणार नाही. अनिकेतला त्याच्या बापाच्या पैशांची मिळते का? नाही ना? मग. धर तिकडून."

तुम्ही एक बाजू धरलीत, मी दुसरी. दार आपण भिंतीला टेकवलं. तुम्ही हात झटकले आणि निघून गेलात.

हा वाद तिथे संपला नाही. मी मनात तो पुढे कितीतरी वर्षं तुमच्याशी घातला. कधी मी जिंकायचो, कधी तुम्ही. आज मी सिल्वासाजवळ खानवेलला शाळेत शिकवतो आणि मुलांकडून नाटकाचं सगळं सामान त्यांच्याच हातांनी करून घेतो. पण ज्या पोराचा बाप रोजंदारीवर जातो, त्याच्या हातात फळी देताना माझा हात अडखळतो. तुमचा अडखळला नव्हता. तुमचं बरोबर की माझं, हे मला अजून कळलेलं नाही. ते विचारायला मी एकदा यायला हवं होतं.

गाव कोणतं घ्यायचं यावर चर्चा चालली होती तेव्हा मीच बोलून गेलो होतो, "आमच्याकडे सिल्वासाला कंपन्यांमध्ये मराठी माणसं खूप आहेत. गणपतीतले कार्यक्रम सोडले तर त्यांनी नाटक बघितलेलं नाही." तुम्ही लगेच म्हणालात, "मग तिकडेच." क्षणभर मला फार भारी वाटलं. नंतर लक्षात आलं की मी तिथे काळ्या कपड्यांत असणार.

आमच्याकडे लग्नासाठी भाड्याने देतात त्या हॉलला वाडी म्हणतात. तसली एक वाडी आम्ही घेतली. ती सांभाळणाऱ्या जयंतीभाईंना नाटक म्हणजे काय ते समजावता समजावता आम्हाला घाम फुटला.

"नाटक? मतलब ऑर्केस्ट्रा?"

"नाही भाई, नाटक. माणसं बोलतात."

"सिर्फ बोलते हैं? तो जेवण कितने का?"

"जेवण नाही."

"तो लोग आयेंगे काय को?"

तुम्ही मागे उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होतात. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमलीच्या दोन खुर्च्या जमिनीत पक्क्या बसवलेल्या होत्या. त्या हलेनात, तेव्हा तुम्ही म्हणालात, "राहू द्या. त्यांनासुद्धा काळे कपडे घाला." आम्ही त्यांच्यावर काळं कापड टाकलं.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी तुम्ही सिल्वासातल्या आमली भागात आमच्या खोलीवर जेवायला आलात. आईने कळण्याची भाकरी आणि भरीत केलं होतं. नाना जेवायला बसलेच नाहीत, तुमचं जेवण होईपर्यंत दाराशी उभे राहिले.

"तुम्ही बसा ना," तुम्ही म्हणालात.

"असू द्या, असू द्या. तुम्ही निवांत जेवा."

मग त्यांनी ज्याची मला भीती होती तेच विचारलं. "मॅडम, आमचा दिनेश कोणाचं काम करू राहिला नाटकात?"

मी घाईने म्हणालो, "नाना, माझं मागचं काम आहे."

"मागचं म्हणजे?"

"म्हणजे सामान..."

"सगळ्यात अवघड काम आहे त्याचं," तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात. "त्याचं चुकलं तर कोणाचंच धड होणार नाही."

नानांनी मान हलवली. साहेबाने काही सांगितलं आणि ते नीटसं कळलं नाही की ते अशीच मान हलवतात. त्यांनी पहिल्या पाळीतल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की पोराचं नाटक आहे.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर ते सगळे आले. बरेचसे अंघोळ करून, केस विंचरून, धुतलेले शर्ट घालून. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. रतनकाका सगळ्यांत पुढे. ते नानांचे गाववाले, मशिनपण शेजारचं, त्यांचा आवाज मशिनच्या वरून ऐकू जाईल असा. नाना मागच्या रांगेत होते. तुम्ही त्यांच्या शेजारी बसला होतात हे मला दिसलं नव्हतं. ते मला आत्ता, तुम्ही गेल्यावर कळलं.

पहिला प्रवेश संपला. उजेड मंद झाला. मी दार उचललं आणि चालू लागलो. बनवताना बिजागऱ्या बघितल्या होत्या, पण त्याचं खरं वजन लोकांसमोर कळलं. ते पाठीवर घेऊन वाकून चालावं लागत होतं. अर्ध्या रंगमंचावर असताना अंधारातून टाळी ऐकू आली. एकच टाळी, मग दुसरी, मग बऱ्याच. आणि मग रतनकाकांचा आवाज, "ए, तो देख! आपला दिन्या! दार लिसन चालना!" आमच्या अहिराणीत, दार घेऊन चालला.

हॉल हसला आणि टाळ्या वाढल्या. शिट्ट्या पडल्या. पाळीच्या पाळी माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती, आणि मी दार पाठीवर घेऊन रंगमंचाच्या मधोमध थांबलो होतो. पाय उचलेना. पुढच्या प्रवेशासाठी विंगेत उभ्या असलेल्या अनिकेतने दात-ओठ खात हाताने खुणा केल्या, तेव्हा मी हललो.

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहितो, कारण त्याचीच मला जास्त लाज वाटते. मला नानांचा राग आला. वाटलं, यांना एवढंही कळू नये? काळे कपडे घातलेला माणूस बघायचा नसतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. तरी मला वाटलं की त्यांना कळायला हवं होतं. पहिली टाळी त्यांचीच, हे मी धरूनच चाललो. दुसरं कोण वाजवेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या पायरीवर चहा घेत तुम्ही सगळ्यांच्या कामाचा हिशेब घेतलात. माझ्यापाशी येऊन थांबलात. "टाळी पडली तर तू थांबलास का?"

मी खाली बघत होतो.

"काळे कपडे घातले की तू तिथे नाहीस. जो नाही त्याला टाळी ऐकू येत नाही. दार पोहोचवायचं होतं ना? टाळीने तुझं काय अडलं?"

"मॅडम, त्या टाळ्या नव्हत्या. हसं होतं माझं."

तुम्ही काहीतरी बोलणार होतात. तोंड उघडलंत आणि मिटलंत. चहाचा कप पायरीवर ठेवलात आणि शेजारच्या मुलीकडे वळलात, "हं, तिकिटांचं सांग." तुम्ही माझ्यावर रागावलात म्हणून वळलात असं मी समजलो. पुढची सगळी वर्षं तसंच समजत राहिलो.

नंतर तुम्ही ही गोष्ट दर वर्षी नव्या मुलांना सांगू लागलात. विभागात भेटायला आलो की कोणीतरी अनोळखी मुलगा विचारायचा, "दारवाला दिनेश तुम्हीच का?" तुम्ही कशी सांगायचात ते मी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकलं. तुम्ही म्हणालात, "आणि मग त्या अंधारात टाळी पडली. मी नाटकात इतकी वर्षं घालवली, इतकी स्वच्छ टाळी ऐकली नाही." टाळी पडली. कोणी वाजवली ते तुम्ही सांगायचा नाहीत. ऐकणारे आपापल्या मनाने 'बापाने' हा शब्द घालायचे, आणि मीही घालायचो. ती गोष्ट तुम्ही प्रेमाने सांगत होतात हे मला कळत होतं. तरी मला वाटायचं की माझा बाप तुमच्या वर्गात दर वर्षी एकदा उभा केला जातो आणि मुलं त्याच्याकडे बघून गोड हसतात. मी तुम्हाला कधीच म्हणालो नाही की सांगू नका. आणि नानांना कधीच विचारलं नाही की त्या दिवशी नेमकं काय झालं. विचारायचं म्हणजे तो विषय काढायचा, आणि विषय काढायचा म्हणजे त्यांना कळणार की मला लाज वाटली होती.

गेल्या वर्षी तुमचा फोन आला. "मुलांना पुन्हा सिल्वासाला आणू का रे? प्रेक्षक चांगला आहे तुमचा."

मी म्हणालो, "मॅडम, वाडीला तारीख मिळणं अवघड आहे. लग्नं आहेत." लग्नं होती हे खरं होतं. मी तारीख विचारलीच नव्हती, हेही खरं.

तुम्ही "बरं" म्हणालात. मग विचारलंत, "नाना कसे आहेत?"

"बरे आहेत. घरीच असतात आता."

"त्यांना सांग मी विचारलं म्हणून."

तेही मी सांगितलं नाही. त्या वर्षीची मुलं दुसऱ्या गावी गेली.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत होतो. घरी येऊन सांगितलं. नाना खाटेवरून उठून बसले आणि म्हणाले, "मी येतो."

"नाना, खूप लांब आहे. विभागातली माणसं असतील सगळी."

"असू दे ना. ती बाई आपल्या घरी जेवली होती."

वापीहून गाडी पकडून आम्ही गेलो. ज्या तालीम हॉलमध्ये मी कितीतरी दुपारी झाडू मारला होता तिथे तुमचा फोटो होता आणि माणसं भिंतीपर्यंत भरलेली. नाना मागच्या भिंतीशी सतरंजीवर बसले, मांडी घालून, चपला शेजारी नीट ठेवून. अनिकेत बोलायला उठला. आता तो मालिकांमध्ये असतो, बोलतो फार छान. त्याने तीच गोष्ट सांगितली. वाडी, लाल खुर्च्या, दार. मग तो वाकला, पाठीवर दार असल्यासारखा चालला, आणि मग थेट बाप झाला. हात उंच करून टाळ्या वाजवत, खान्देशी हेल काढत ओरडला, "तो देख आपला दिन्या!" रडणारी माणसं हसली. हसता हसता पुन्हा रडली. त्याने वाईट हेतूने केलं नाही. तुमच्यावरच्या प्रेमाने केलं.

मी फोटोकडे बघत राहिलो. शेजारी बघायची हिंमत झाली नाही.

सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, "अजून कोणाला काही बोलायचं असेल तर..."

शेजारी हालचाल झाली. नानांनी हात वर केला होता, शाळेत मुलं करतात तसा, आणि भिंतीला धरून ते उठत होते. एक गुडघा वर आलाही होता. मी त्यांच्या शर्टाचं टोक पकडलं आणि खाली ओढलं. "नाना, बसा. बसा ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बसले. शर्ट पँटमधून निघाला होता तो बसल्या बसल्या खोचू लागले. त्या मुलीने आमच्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली, आणि ती म्हणाली, "तर मग आपण उभं राहून श्रद्धांजली वाहू."

मॅडम, दार पाठीवर घेऊन थांबलो तेव्हा मी विद्यार्थी होतो. हे आत्ताचं आहे. आता मी शिक्षक आहे, माझ्या वर्गातल्या मुलाने हात वर केला तर त्याला बोलू देतो.

परतीच्या गाडीत आम्हाला खिडकीशेजारी जागा मिळाली. नाना खिडकीबाहेर बघत होते. शेवटी मीच म्हणालो, "नाना, तुम्ही काय बोलणार होते?"

"काही नाही."

"सांगा ना."

"त्या पोरानं चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "टाळी मी नाही वाजवली. म्हणजे वाजवली, पण मागून. पहिले मॅडमनं वाजवली."

मला वाटलं ते दुसऱ्याच कशाबद्दल बोलत आहेत.

"मॅडम माझ्या बाजूलाच बसल्या होत्या ना. तू दार घेऊन निघाला. मी त्यांना हळूच विचारलं, हा दिनेशच ना? त्या म्हणे हो. मग मी विचारलं, टाळी वाजवली तर चालतं का? मला काय माहीत नाटकात कुठं वाजवायची असते. उगाच तुझी इज्जत जायची."

"मग?"

"मग काही बोलल्याच नाही. तुझ्याकडंच बघू राहिल्या. आणि मग त्यांनीच वाजवली. जोरात. मग मी वाजवली. मग रतन. तो ओरडला ते मात्र खरं, त्याला कोण आवरणार."

"एवढी वर्षं तुम्ही सांगितलं नाही?"

"तू विचारलं कधी?"

गाडी एका स्टेशनात थांबली. चहावाला चढला, उतरला. नाना म्हणाले, "तेवढंच सांगायचं होतं तिथं. बाईनं मला एकट्याला टाळी वाजवू दिली नाही. बस."

त्यानंतर मी जे विचारात पडलो आहे त्यातून अजून बाहेर आलो नाही. काळा कपडा बघायचा नाही, हे आम्हाला शिकवलं तुम्ही. तो नियम त्या हॉलमध्ये कोणाला माहीत असेल तर फक्त तुम्हाला. आणि तो मोडलात तुम्हीच. मग दुसऱ्या दिवशी पायरीवर मला रागावलात, 'जो नाही त्याला टाळी ऐकू येत नाही' म्हणालात. तेव्हा तुम्ही तोंड उघडून मिटलं होतं. 'ती टाळी माझी होती' असं म्हणणार होतात का? मी 'हसं होतं माझं' असं म्हणालो नसतो तर म्हणाला असतात का? का तुम्हालाही थोडी लाज वाटली होती, शिक्षिकेने नियम मोडल्याची? आणि ती टाळी कशाची होती? नानांची कीव आली म्हणून, की दार खरंच चांगलं चाललं होतं म्हणून?

नानांना हे विचारलं. ते म्हणाले, "मला काय ठाऊक. वाजवली. हात लाल होईस्तोवर वाजवली." त्यांना एवढं पुरतं. मला पुरत नाही, आणि विचारायला आता तुम्ही नाही.

तुम्ही मला पुष्कळ दिलंत. बिजागरी कशी बसवायची, जयंतीभाईसारख्या माणसाशी दोन भाषांत कसं बोलायचं, अर्ज कसा लिहायचा, लोकांसमोर चूक झाली तर दुसऱ्या दिवशी तिथेच कसं परत जायचं. पदवीच्या कागदावर यातलं काही लिहिलेलं नाही आणि माझी नोकरी चालते ती यावरच. पण तुम्ही प्रेक्षकांत का बसायचात हे मात्र मी शिकलो नाही. मला वाटायचं, आम्ही स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून. असेलही. पण त्या दिवशी तिथे बसलात म्हणून एका माणसाला कोणाला तरी हळूच विचारता आलं की चालतं का. शोकसभेत मीही त्यांच्या शेजारीच बसलो होतो, तालीम हॉलमध्ये, भिंतीशी. मला त्यांनी विचारलं नाही. सरळ हात वर केला. माझ्याकडून काय उत्तर येईल ते त्यांना माहीत असणार.

गेल्या आठवड्यात विभागातून फोन आला. तुमची कामं आता ज्या बघतात त्या नव्या बाईंचा. यंदाचं प्रॅक्टिकल करायचं की नाही असं त्यांचं चाललं होतं. मुलं म्हणतात करायचंच, पण गाव ठरत नाही. मी म्हणालो, "सिल्वासाला या. वाडीची तारीख मी बघतो." त्यांनी विचारलं, तिथे प्रेक्षक येतील का. मी म्हणालो, पाळी सुटल्यावर येतील.

रविवारी नानांना घेऊन वाडीवर गेलो. जयंतीभाई आता थकले आहेत, पण ओळखलं त्यांनी. "वो बोलनेवाला प्रोग्राम? जेवण बिना का?" लाल खुर्च्या अजून तिथेच आहेत, मखमल फाटली आहे. आम्ही दोघं रिकाम्या हॉलमध्ये उभे होतो. मी नानांना म्हटलं, "नाना, खेळ झाला की दुसऱ्या दिवशी पायरीवर चहा असतो. मुलं बसतात. त्या वेळी तुम्ही त्यांना सांगा, पहिली टाळी कोणी वाजवली ते."

"मी? तिथं? मला काय येतं बोलायला."

"गाडीत सांगितलं तसंच."

ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मागच्या रांगेकडे गेले. प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. त्यांनी दोन काढल्या, शेजारी शेजारी मांडल्या, एकीवर बसले आणि दुसरी हाताने पुसली.

"इथंच बसले होते आम्ही," म्हणाले. मग रिकाम्या रंगमंचाकडे बघत त्यांनी विचारलं, "यंदा दार कोण नेईल?"

"कोणीतरी मुलगा असेल. किंवा मुलगी."

"मग टाळी वाजवली तर चालेल ना?"

मी त्या दुसऱ्या खुर्चीवर बसलो. ती तुमची होती, मॅडम, माझी नव्हे. मी म्हणालो, "नाना, यंदा विचारू नका."